एकोणीस दिवसांची वसाहत

मी एक शहर वसवलं आणि ते बुडालं. गेली चौदा वर्षं इंग्लंडात मिल्टन कीन्सपासून स्लाऊपर्यंतच्या प्रत्येक मराठी कार्यक्रमात मी याच वाक्याने सुरुवात करतो आणि टाळ्या घेतो. शहराची लोकसंख्या बारा होती, हे टाळ्या संपल्यावर हळू आवाजात सांगतो. तीन उन्हाळे टिकलं असं म्हणतो. टिकलं एकोणीस दिवस. समुद्राने गिळलं असंही म्हणतो. समुद्र तिथून चालत दहा मिनिटांवर आहे आणि त्याने आमच्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

हे सगळं आता कबूल करायची वेळ आली ती एका पत्रामुळे. पत्र होतं केंटच्या टोकाहून. आमच्या त्या वसाहतीची जमीन ज्या म्हाताऱ्या कोळ्याची होती, तो हिवाळ्यात गेला. त्याच्या मुलीला जागा मोकळी करायची होती. तिथे रेल्वेचा एक जुना लाकडी डबा अजून उभा होता, तो महिनाअखेर तोडून नेणार होते. 'तुमच्यापैकी कुणाला तिथे राहायचं असेल, डागडुजी करायची तयारी असेल, तर येऊन सही करा,' असं तिने लिहिलं होतं.

बायकोने पत्र वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं.

"अहो, मला तो डबा हवाय."

"कशाला?"

"राहायला."

माझी बायको डॉक्टर आहे, म्हणजे दोन महिन्यांपूर्वीपर्यंत होती. या देशाच्या बाळंतपणाच्या वॉर्डांत तिने तीस वर्षं काढली. इथे आलो ते तिच्या नोकरीमुळे. मी आलो तिच्या सामानाबरोबर. लग्नापासून आजवर तिने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका पोस्टाच्या तिकिटावर लिहिता येतील, तेही तिकीट चिकटवून झाल्यावर. आणि आता मागत होती तर एक कुजका डबा, वाळवंटात.

"तिथे वारा असतो," मी म्हटलं.

"माहितीये. मी होते तिथे."

खरं तर वाऱ्याचं काही नव्हतं. त्या डब्यात माझं एक खोटं राहत होतं, चौदा वर्षं, भाडं न देता.

*

आधी वाळवंटाबद्दल. केंटच्या त्या टोकाला माती नाही, झाड नाही, कुंपण नाही. क्षितिजापर्यंत नुसते गोटे. अंड्याएवढे, बटाट्याएवढे, काही माझ्या डोक्याएवढे आणि तितकेच भरीव. पाऊस कमी, सावली त्याहून कमी. लोक त्याला इंग्लंडचं वाळवंट म्हणतात. हवामान खात्याला ते मान्य नाही म्हणे, पण हवामान खातं तिथे एकोणीस दिवस राहिलेलं नाही.

तिथे जाऊन आदर्श समाज स्थापन करावा ही कल्पना माझी. आणि तिचा उगम मोदकात आहे.

आमच्याकडे गणपतीचा कार्यक्रम हॉलवर होतो. त्या वर्षी माझ्याकडे एकच काम होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका ताईंकडून मोदकांचे डबे आणायचे. आता मिल्टन कीन्समध्ये जागोजागी राउंडअबाउट, म्हणजे चौकातली गोल वळणं, आणि एक दुसऱ्याचा जुळा भाऊ दिसतो. मी गाडीतल्या रस्ता सांगणाऱ्या सॅटनॅव्हवर विश्वास न ठेवणारा माणूस. पहिल्या राउंडअबाउटला मी तिसरी एक्झिट घेतली, आणि त्यानंतर सव्वा तास मी आणि एकशे एक मोदक बकिंगहॅमशायरला प्रदक्षिणा घालत होतो. एका राउंडअबाउटवरचा माळी मला पाचव्यांदा बघून हात हलवायला लागला.

हॉलवर पोचलो तेव्हा आरती तीनदा म्हणून झाली होती, कारण दुसरं करायला काही नव्हतं. लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला काहीतरी मोठं बोलणं भाग होतं. मी मायक्रोफोन घेतला.

"आपण गोल फिरायला जन्माला आलो का?" मी विचारलं.

"मोदक आधी आण," माझा मित्र ओरडला. हा स्लाऊचा दंतवैद्य. आमची मैत्री पुण्याच्या कॉलेजपासूनची, आणि माझं बोलणं मध्येच तोडायचा हक्क त्याने तेव्हापासून राखून ठेवलेला.

मोदक वाटले गेले आणि मी बोलत राहिलो. चला, जिथे रस्ता नाही तिथे जाऊ. घड्याळ नाही, ऑफिस नाही, शेजाऱ्याच्या गवताची उंची नाही. सगळ्यांनी एकत्र रांधायचं, एकत्र जेवायचं, कुणी कुणाचं मन मोडायचं नाही. बोलता बोलता मला स्वतःलाच भरून आलं. विरोध कुणी केला नाही. तोंडात उकडीचा मोदक असलेल्या माणसाला 'नको' म्हणता येत नाही, हे माझ्या नेतृत्वाचं एकमेव रहस्य.

घरी जाताना मला वाटलं, उद्यापर्यंत सगळे विसरतील. पण दुसऱ्या दिवशी दंतवैद्याचा फोन आला. "मी येणार. तू एवढं म्हणतोयस तर." मग आणखी चौघांचे फोन आले, तेही 'तुम्ही एवढं म्हणताय तर'. आता एवढी माणसं येतायत म्हटल्यावर मी कुठल्या तोंडाने मागे फिरणार? फार पुढे मला कळलं, ते माझ्या भिडेखातर आले होते आणि मी त्यांच्या. जगात वसाहती उभ्या राहिल्या त्या सोन्यासाठी, धर्मासाठी, स्वातंत्र्यासाठी. भिडेखातर उभी राहिलेली वसाहत बहुधा आमचीच एक.

*

सहा जोडपी, बारा माणसं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सहा आठवड्यांची रजा काढून आम्ही गेलो. जमलं तर कायमचं, असं घटनेत लिहिलं होतं. घटना मीच लिहिली. चाळीस कलमं होती. त्यातलं पहिलं, प्रत्येक निर्णय एकमताने. उरलेल्या एकोणचाळीसांची पुढे गरज पडली नाही, कारण पहिल्यावरच गाडी अडली.

निघण्याआधी सहाही घरांतून फोन झाले होते. प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितलं, "तुम्ही काही आणू नका हं, आम्ही आणतोय." आणि प्रत्येकाने वाटेत खायला म्हणून थोडासा चिवडा घेतला. वाळवंटात पहिल्या दुपारी आम्ही डब्यांची झाकणं उघडली. सहा डबे चिवडा. पातळ पोह्यांचा, भाजक्या पोह्यांचा, एक कुरमुऱ्यांचा. पिण्याचं पाणी कुणीच आणलेलं नव्हतं.

त्या वाऱ्यात बारा माणसं कोरडा चिवडा खात बसली आणि प्रत्येक जण म्हणत होता, "वा, छान झालाय." शेवटी म्हातारा कोळी त्याच्या झोपडीतून बाहेर आला, आमच्याकडे बराच वेळ पाहत उभा राहिला, आणि दोन बादल्या पाणी ठेवून गेला. आमच्या संस्कृतीचा पाया असा परदेशी मदतीवर घातला गेला.

मग बांधकाम. मला प्रवेशाची कमान हवी होती. गोट्यांत खड्डा खणला की भोवतालचे गोटे आत येऊन बसतात, जणू त्यांना बोलावलं होतं. पहिल्या दिवशी आम्ही सहा पुरुषांनी मिळून कमरेएवढा खणला आणि दिवसाच्या शेवटी तिथे छोटी टेकडी होती. तिसऱ्या दिवशी कमान कशीबशी उभी राहिली. वसाहतीच्या नावावर एकमत होईना, म्हणून तिच्यावर नुसतं 'स्वागत' रंगवलं. चौथ्या दिवशीच्या वाऱ्याने ती तिरकी केली आणि माझ्या मिशीचा भांग कायमचा बदलला. जेवणात खडे इतके यायचे की दंतवैद्य म्हणाला, "धंद्याच्या दृष्टीने जागा उत्तम आहे."

आणि या सगळ्यात माझी बायको काय करत होती? हे मला आज सांगता येतं, कारण आज मी विचार करतो. तेव्हा मी सतराव्या कलमात दुरुस्ती करत होतो.

ती झोपत होती. डब्यात, लाकडी बाकावर, सलग नऊ तास. वॉर्डातल्या नोकरीत तिची झोप तुकड्यातुकड्यांची. फोन वाजायच्या आधीच ती उठून बसायची. इथे फोनला रेंजच नव्हती. सकाळी ती म्हाताऱ्याबरोबर किनाऱ्याने फिरायला जायची. त्याने तिला गोट्यांतून उगवणारा रानकोबी दाखवला, जाड निळसर पानांचा, ज्याला माती लागत नाही. तिने त्याची पीठ पेरून भाजी केली. त्या एकोणीस दिवसांत आम्ही खरोखर आवडीने खाल्लेली ती एकच गोष्ट. डब्याच्या दारापाशी तिने गोट्यांचं एक अंगण मांडलं, लहानापासून मोठ्यापर्यंत, वळणावळणाने. मी त्यावरून चालत जायचो, घटना बगलेत घेऊन.

*

एकोणिसाव्या दिवसापर्यंत सगळ्यांना घरी जायचं होतं आणि कुणालाच ते म्हणता येत नव्हतं. रोज दुपारी सभा भरायची. "राहायचं ना?" मी विचारायचो. "आमची काही हरकत नाही," बाकीचे म्हणायचे. मीही मनात म्हणायचो, अरे, कुणीतरी हरकत घ्या रे! कुणाच्या पायाला फोड, कुणाच्या कानात वारा, एका वहिनींची तर बोलताना शिट्टी वाजायला लागली होती. पण हरकत नाही.

शेवटी दंतवैद्याच्या बायकोने तोडगा काढला. गुप्त मतदान. किनाऱ्यावर जा, राहायचं असेल तर पांढरा खडा आणा, जायचं असेल तर काळा. मुठीत लपवून आणायचा आणि चिवड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायचा.

मी काळा आणला. साधा काळा नाही. संशयाला जागा नको म्हणून त्या अख्ख्या किनाऱ्यावरचा सर्वांत काळा खडा मी दहा मिनिटं ओणवा होऊन शोधला.

डबा उपडा केला. अकरा काळे. एक पांढरा.

अकरा माणसांनी एकदम श्वास सोडला. एवढा वारा तर त्या किनाऱ्यावरही कधी सुटला नव्हता. मग सगळे माझ्याकडे वळले. संस्थापक! बिचारा! दंतवैद्याने मला मिठी मारली. "अरे, तू एकटा उभा राहिलास." मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. त्यात वारा शिरला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी बघून दोन वहिनी रडल्या. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कुणी खुलासा करतं का?

त्या दिवाळीला मराठी मंडळाने माझा सत्कार केला. तत्त्वनिष्ठेबद्दल शाल आणि श्रीफळ. नारळाची बर्फी केली. शाल चांगली लोकरीची, करड्या रंगाची. मी ती चौदा हिवाळे पांघरली. सत्काराला बायको पहिल्या रांगेत बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या, जरा सावकाश. पांढरा खडा कुणाचा होता हे मी कधी शोधलं नाही. शोधलं असतं तर लगेच सापडलं असतं, म्हणूनच.

*

तर मे महिन्यातल्या एका मंगळवारी आम्ही दोघं गाडीने केंटला निघालो. तिच्या मांडीवर मोजपट्टी. माझ्या खिशात कागद. त्यावर डबा का घेऊ नये याची कारणं. गुडघे, वारा, जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर लांब. वाटेत मी दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिथे गेल्यावर बोलू."

कार्यक्रमांतून मी ज्या अवशेषांचं वर्णन करतो, ते बघायची माझी ही पहिलीच वेळ. सभागृहाचा चौथरा म्हणजे गोट्यांचं एक वर्तुळ निघालं. त्यात एक मांजर नीट बसू शकलं असतं. कमानीचा एक खांब तेवढा उभा होता आणि त्यावर 'स्वागत'मधलं पहिलं अक्षर, तेही आहे असं समजलं तर. चुलीचे तीन दगड समुद्रपक्ष्यांनी वापरून पांढरे केले होते. फक्त डब्यापुढचं अंगण जसंच्या तसं होतं. लहानापासून मोठ्यापर्यंत, वळणावळणाने. मध्ये रानकोबी फुलला होता.

"बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही त्याला," म्हाताऱ्याची मुलगी म्हणाली. किल्ली देऊन, तासाभराने फॉर्म घेऊन येते म्हणून ती निघून गेली.

मी अंगणाच्या कडेने गेलो. पहिल्यांदाच.

आत ओलाव्याचा वास, काचेला मीठ. बायको मोजपट्टी काढून खिडकीपाशी गेली आणि थांबली. फळीवर चिवड्याचा डबा होता. गंजलेला, झाकण घट्ट. तिने ते नखाने उचकटलं. आत बारा खडे. तिने पांढरा उचलून तळहातावर घेतला.

"अहो, हा माझा."

"हो," मी म्हटलं.

"माहीत होतं तुम्हाला?"

"आत्ता कळलं." मग मला माझीच लाज वाटली. "सत्काराच्या दिवशी. शाल अंगावर घालत होते तेव्हा तू दिसलीस समोर."

ती बाकावर बसली. "मला वाटलं होतं, तुम्ही तिथल्या तिथे सांगाल. मग वाटलं, गाडीत सांगाल. गाडीत तुम्ही काय म्हणालात आठवतंय? 'एकट्याने उभं राहायला छाती लागते.' मला म्हणालात. मला!"

"अगं, मग बोलायचंस."

"काय बोलू? तुमच्या अंगावरून शाल ओढू, चारचौघांत?" ती खडा फिरवत राहिली. "शालीचं काही नाही हो. तुम्ही 'माझा नव्हे' म्हणाला असतात, तर कुणीतरी विचारलं असतं, मग कुणाचा? कुणाला राहायचंय, का राहायचंय? तेवढं कुणी विचारायला हवं होतं मला. चौदा वर्षांत कुणी विचारलं नाही."

मी खिशातला कागद चाचपला. गुडघे, वारा, जीपी. तो तिथेच राहू दिला.

मी फोन काढला. आता तिथे रेंज येते. दंतवैद्याला लावला आणि स्पीकरवर टाकला.

"बोल रे," तो म्हणाला. मागे कुठेतरी कुणाचा तरी दात कोरला जात होता.

"तो पांढरा खडा माझा नव्हता."

"बरं."

"बरं काय? चौदा वर्षं मी खोटं बोललो!"

"अरे, माहिती आहे आम्हाला. तू काळा खडा शोधत दहा मिनिटं ओणवा होतास. सगळं जग बघत होतं. ही तर म्हणाली, याचं काही हरवलं का, जाऊन मदत करा."

"मग मिठी कशाला मारलीस? शाल कशाला दिलीत?"

"तुझं तोंड बघून. तुला रडू आलं होतं रे, भीड पडली." मग जरा थांबून, "आणि खडा कुणाचा तरी होताच की. वहिनी आहेत का तिथे?"

"आहे, भावजी," बायको म्हणाली.

"तुमचा?"

"माझा."

मागचं यंत्र बंद झालं. "म्हणजे तुम्हाला राहायचं होतं? वहिनी, आम्ही बारा जणांचं सामान तुमच्याकडून भरून घेतलं त्या दिवशी! बोलायचंत ना!"

"आता बोलतेय," ती म्हणाली.

*

म्हाताऱ्याची मुलगी फॉर्म घेऊन आली. टेबल नव्हतं, म्हणून तिने तो चिवड्याच्या डब्यावर ठेवला. नाव, पत्ता, आणि मग विचारलं, "इथे राहणार किती जण?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. काही सुचवणारं नाही, नुसतं पाहिलं. 'आमची काही हरकत नाही' हे वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. चाळीस वर्षांची सवय. ते म्हटलं असतं तर मी तिथे राहायला गेलो असतो, रोज वाऱ्याबद्दल कुरकुरलो असतो, आणि दोन महिन्यांत तिला भिडेखातर परत आणलं असतं.

"एक," मी म्हटलं. "ही. मला हा वारा सोसत नाही. मला इथे राहायचं नाहीये. मी पाहुणा म्हणून येईन."

म्हाताऱ्याच्या मुलीने एकचा आकडा लिहिला. बायकोने तो आकडा वाचला.

"खरंच?"

"खरंच. मला ते राउंडअबाउट आवडतात गं. माणूस चुकला तरी पुन्हा तिथेच येतो."

तिने सही केली. पेन वाऱ्याने पडलं ते तिने पायानेच अडवलं, तिथे जन्म गेल्यासारखं.

आता जून संपत आलाय. आमच्या त्या शहराची लोकसंख्या एक आहे आणि प्रत्येक निर्णय एकमताने होतो. दंतवैद्य आणि त्याची बायको एका रविवारी येऊन गेले. त्याने दार बसवून दिलं, जरा दाढेसारखं, पण बसलं. मी शुक्रवारी जातो आणि रविवारी परततो. पहिल्या शुक्रवारी निघताना फोनवर ती म्हणाली, "तुम्ही काही आणू नका." मी पिण्याच्या पाण्याचे सहा मोठे कॅन नेले, गोट्यांवरून एकेक करून, दोनदा बसून. शेवटचा कॅन आत ठेवला तेव्हा ती सिंकपाशी उभी होती, आणि नळाला पाणी होतं.

"सांगायचंस ना!"

"सांगितलं की. काही आणू नका म्हटलं होतं."

शाल मी तिला देऊन टाकली. जरा समारंभाने द्यावी म्हणून मी दोन वाक्यं तयार केली होती. तिने ती ऐकून घेतली, शालीची घडी केली, आणि उत्तरेकडच्या खिडकीच्या फटीत कोंबली. तिथून वारा येत होता.